मास्तर

दिग्रस फाट्याला बाभळीखाली बसतो मी,
पाटी नव्हती तेव्हापासून.
घमेलंभर पाणी, चार पाने,
आणि डालड्याच्या डब्यात छर्रे.

पहिली आली ती जिनिंगवाल्या काबरांच्या पिंटूची.
नागपूरहून, एस्टीच्या टपावर,
चाकांना गोणपाट गुंडाळून.
हँडलच्या आडव्या दांडीला पिवळी उशी,
मागच्या चाकाला उभं राहायच्या दोन खुंट्या,
आणि अंगावर इंग्रजीत नाव : मॅस्टॉर.

पोट्ट्यांनी वाचलं, मास्तर.
झालं.
"मास्तर नालीत पडला रे!" कोणी ओरडलं
की उंबरकर गुरुजी वर्गाबाहेर यायचे,
स्वतःला चाचपत.

एका चकरीसाठी पिंटूला बोरं मिळायची,
कंचे, दुसऱ्याच्या अक्षरातला गृहपाठ.
मी पंक्चर फुकट काढून द्यायचो,
तेवढंच चाक हातात यायचं.

फिरवून सोडलं की
माझी बिडी अर्धी होईस्तोवर फिरत राहायचं.
थांबताना व्हॉल्व्ह खाली यायचा,
जरा मागे जायचा, जरा पुढे,
मग निजायचा.
जोडांत पितळ भरलेलं.
पिंटू कालव्याच्या पुलावरून उडाला एकदा,
हात मोडला.
चिमटा नाही.

ब्रेक मात्र, खोटं कशाला बोलू,
पहिल्यापासून भिकार.
पावसात नुसत्या विनवण्या.
हे आता कोणाला आठवत नाही.
पिंटूलाही नाही, तो म्हणतो,
"काय ब्रेक होते लेका त्याचे!"

मग मास्तर स्वस्त झाला.
एका दिवाळीत गावात सात.
रंग जास्त, वजन कमी;
एका बोटावर उचलली मी एक,
आणि बोटालाच कसंतरी झालं.
नऊ सुट्या छर्ऱ्यांच्या जागी सात,
पत्र्याच्या पिंजऱ्यात.
पायडल प्लास्टिकचं. खुंट्या पोकळ,
आत कुंभारमाशीनं घर केलेलं.
दांडीवरचा बिबट्या आधी वार्निशच्या खाली होता,
आता वरून चिकटवलेला, नखानं निघायचा.
आधी तो झेप घ्यायचा.
नंतर नुसते दात दाखवू लागला.

अकोल्याचा माल पुरवणारा म्हणाला,
"कंपनी इकली मालकानं. पण नाव तेच हाये ना भाऊ,
लोकं नावच तं घेतात."
मी काही बोललो नाही.
त्याची उधारी होती माझ्यावर.

परवा सोनल उईके आली, सातवीतली,
सायकल ओढत.
फोनवरून मागवलेली, खोक्यातून आलेली,
दीड महिन्यात मागचा एक्सल वाकडा.
म्हटलं, "काऊन वो, मास्तरले काय झालं?"
तिनं मला नीट पाहिलं.
"मास्तर नाही काका. मॅस्टॉर."

चुकलंच माझं.
पस्तीस वर्षांनी गावात कोणीतरी
नाव बरोबर घेतलं.

डबा उपडा केला.
तळाशी पिंटूचा एक्सल होता,
भंगारवाल्याला देताना काढून ठेवलेला,
कशासाठी, ते तेव्हाही ठाऊक नव्हतं.
नव्या हबमध्ये घातला, भीत भीत.
कोन फिरवला.
आटे जुळले.
एवढं सगळं बदलताना
आटे बदलायचं राहून गेलं होतं कोणाचं तरी.

पिंजरा फेकला. ग्रीस भरलं.
छर्रे मोजून घातले, नऊ आणि नऊ.
"ब्रेक पण लागत नाही काका."
"तो अस्सल कंपनीचा आहे," मी म्हणालो.
ती हसली नाही.

चाक फिरवून सोडलं.
हात खिशाकडे गेला.
बिडी सोडून दोन वर्षं झाली,
मोजायला काही नव्हतं.
आम्ही दोघं बघत बसलो, बराच वेळ,
मग तिनंच हात लावून थांबवलं,
शाळेला उशीर होत होता.